एचआरच्या खिडकीवरची रांग मोबाईलवर नेताना: कारखान्यासाठी स्वयंसेवा प्रणालीचं सविस्तर नियोजन

चाकण, वाळूज, अंबड, गोकुळ शिरगाव, कुठल्याही एमआयडीसीत पाचशे-सहाशे कामगारांच्या कारखान्यात पगारानंतरच्या दोन दिवसांत टाइम ऑफिसच्या खिडकीवर रांग लागते. "माझ्या किती ईएल (भरपगारी रजा) राहिल्या?", "मंगळवारचा खाडा कसा काय लागला?", "या महिन्यात दोनशे रुपये कमी का?" या रांगेवर उपाय म्हणून स्वयंसेवा ॲप, म्हणजे कामगाराने आपली रजा, हजेरी, पगार स्वतःच पाहायचं ॲप घेतलं जातं, सहा महिन्यांत ते कोणी उघडत नाही, आणि रांग होती तिथेच राहते. बहुतेक ठिकाणी ॲप तांत्रिकदृष्ट्या ठीक असतं, पण त्यात दिसणारी रजेची शिल्लक चुकीची असते. पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावापुढे चुकीचा आकडा दिसला की कामगार पुन्हा खिडकीवर येतो आणि त्याच्यासोबत चार जण येतात. म्हणून या लेखातला निम्मा भर ॲपच्या आधीच्या कामावर आहे. अंदाज सुमारे ६०० माणसं, तीन पाळ्या आणि एक छोटं कार्यालय असलेल्या कारखान्याचा धरला आहे.

आधी खिडकीवर चार आठवडे वही ठेवा

साधी रेघांची वही चालेल. रकाने सहा: तारीख, पाळी, टोकन नंबर (कामगाराचा क्रमांक), प्रश्न कामगाराच्याच शब्दांत, उत्तर कुठे सापडलं, किती मिनिटं लागली. या चार आठवड्यांत पगाराचा दिवस यायलाच हवा. रात्रपाळीची नोंद सुटते, कारण तेव्हा खिडकी बंद असते. त्यासाठी रात्रपाळीच्या सुपरवायझरकडे वेगळी वही द्या.

"उत्तर कुठे सापडलं" हा रकाना सगळ्यात मोलाचा. उत्तर पेरोलच्या संगणकात असेल तर ते स्क्रीनवर आणणं सोपं आहे. ते एखाद्या क्लार्कच्या एक्सेल फाइलमध्ये किंवा त्याच्या डोक्यात असेल, तर कुठलंही सॉफ्टवेअर ते दाखवू शकणार नाही. चार आठवड्यांनी प्रश्नांचे गठ्ठे करा. रजा, राहिलेला पंच (हजेरी मशिनवर न उठलेली नोंद), पगारातला फरक, पीएफ, उचल, दाखले हे गठ्ठे जवळपास सगळीकडे निघतात. पहिल्या टप्प्यात सगळ्यात मोठे तीनच घ्या. आयकराच्या पुराव्यांचा गठ्ठा या वहीत कदाचित दिसणारच नाही, कारण तो जानेवारी ते मार्चमध्येच फुगतो. त्याची आठवण वेगळी ठेवा.

माहितीची सफाई

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि प्रकल्पाचं नशीब ठरतं तेही इथेच. प्रत्येक कामगाराची एक पानी चिठ्ठी छापा: नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, मोबाईल, बँक खातं, आयएफएससी (बँक शाखेचा कोड), पॅन, यूएएन (पीएफचा क्रमांक), ईएसआय (कामगार विमा) क्रमांक, वारसदार आणि सर्व प्रकारच्या रजांची शिल्लक. कॅन्टीनजवळ तीन टेबलं लावा. एका माणसाला तीन मिनिटं धरली तर ६०० माणसांना ३० तास, म्हणजे तीन टेबलांवर दहा तास. पाळ्या सांभाळून हे तीन दिवसांत होतं. कामगाराने चिठ्ठी तपासायची, चूक असेल तिथे गोल करायचा, सही करायची.

काय चुकलेलं सापडतं ते आधीच माहीत असलं तर काम लवकर उरकतं.

नाव: कंपनीच्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पीएफमध्ये वडिलांचं नावच नाही. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तर जुनाच. एकच जाधव तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेला असतो. आधारवरचं नाव प्रमाण माना आणि बाकीचं त्याला जुळवा. नाही तर पीएफचा दावा नेमका गरजेच्या वेळी अडकतो.

बँक: २०१९ आणि २०२० च्या विलीनीकरणानंतर देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल या बँकांचे जुने आयएफएससी बदलले. जुन्या कामगारांच्या नोंदीत ते अजून सापडतात. आयएफएससी ११ अक्षरी असतो आणि त्याचं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. तिथे इंग्रजी ओ टाइप झालेला हमखास आढळतो. यूएएन १२ अंकी, पॅन १० अक्षरी आणि व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी. या तीन तपासण्या एक्सेलमध्येही लावता येतात. टेबलं लावण्याच्या आधीच त्या लावून घ्या.

मोबाईल: सिम बदललेलं असतं, किंवा नंबर भावाचा असतो. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मग तुमच्या कामगाराचा ओटीपी भलत्याच माणसाकडे जातो. टेबलावर बसूनच त्या नंबरवर मिस्ड कॉल द्या आणि फोन वाजला की खूण करा.

आधारचा पूर्ण क्रमांक नव्या प्रणालीत दिसू देऊ नका, शेवटचे चार अंक पुरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सुपरवायझरला रजा मंजूर करायला कामगाराचा पॅन किंवा पगार लागत नाही, तेव्हा तो त्याला दिसताही कामा नये.

रजेची सुरुवातीची शिल्लक सही घेऊन पंधरा दिवस हरकतींसाठी खुली ठेवा, मग गोठवा. कारखान्याचं रजेचं वर्ष कॅलेंडर वर्ष असतं, म्हणून रजेचा भाग १ जानेवारीला सुरू करणं सोयीचं. एप्रिलमध्ये सुरू केलं की तीन महिन्यांच्या रजा हाताने भराव्या लागतात आणि चुका तिथेच शिरतात.

नियम कागदावर उतरवा

"आमच्याकडे असं चालतं" हे सॉफ्टवेअरला कळत नाही. प्रत्येक नियम एका वाक्यात लिहा आणि त्याखाली एक उदाहरण द्या. लिहायला बसलं की कळतं, एकाच कारखान्यात पेंटशॉपमध्ये अर्धी सीएल (किरकोळ रजा) चालते आणि असेंब्लीत चालत नाही. हा वाद ॲप येण्याच्या आधीच मिटवायचा असतो.

कायद्याचा पाया तपासून घ्या. चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९४८ च्या कारखाने कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षात २४० दिवस काम लागायचं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती अट १८० दिवसांवर आली आहे, दर २० दिवसांच्या कामाला एक दिवस हे प्रमाण कायम आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये २४० हा आकडा कुठेतरी खोलवर बसवलेला असतो. तो शोधून काढा. पुण्या-मुंबईतलं मुख्य कार्यालय मात्र महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ खाली येतं. तिथे वर्षाला आठ सीएल तिमाहीने जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या जातात, ईएल ४५ दिवसांपर्यंत साठते. म्हणजे एकाच कंपनीत नियमांचे दोन संच. सर्वांना एकाच गटात टाकलं की निम्म्यांची शिल्लक चुकते.

रात्रपाळी हा सगळ्यात अवघड विषय. १४ तारखेला रात्री १०:५५ ला आत आणि १५ ला सकाळी ७:०५ ला बाहेर, ही हजेरी १४ ची. पण कामगार "पंधराची रजा" म्हणतो तेव्हा १४ च्या रात्रीची की १५ च्या रात्रीची? स्क्रीनवर नुसती तारीख विचारू नका. "१४ ची रात्रपाळी: १४ रात्री ११ ते १५ सकाळी ७" असं पूर्ण लिहून निवडायला द्या.

दुसरी गफलत पंच जुळवण्यात होते. सकाळी ७:०५ चा बाहेर जाण्याचा पंच प्रणाली पहिल्या पाळीचा आत येण्याचा पंच समजते, आणि माणूस दोन दिवस गैरहजर दिसतो. उपाय असा की आत आल्यापासून ठरावीक तासांत आलेला पंच बाहेर जाण्याचाच धरायचा. बरेच जण ही मर्यादा १६ तासांची ठेवतात आणि फसतात. रात्री ११ ला आत आलेला माणूस डबल (सलग दोन पाळ्या) करून दुपारी साडेतीनला बाहेर पडतो, ते साडेसोळा तास झाले. १८ ठेवा. त्यात डबलही बसतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाळीचा पंचही त्यात अडकत नाही.

ग्राइंडिंग, कास्टिंग, तेलकट कामाच्या विभागांत बोटांचे ठसे झिजतात आणि मशिन ते वाचत नाही. राहिलेल्या पंचांची संख्या विभागवार काढा. एकाच विभागात ती जास्त असेल तर दोष माणसांचा नाही, तिथे चेहरा ओळखणारं मशिन किंवा कार्ड लावा.

नियम लिहिताना सेवाशर्ती बदलत असतील, म्हणजे अर्धी सीएल बंद होणं किंवा कॉम्प ऑफची (सुट्टीला काम केल्याच्या बदली रजेची) मुदत घटणं, तर २१ दिवसांची बदलाची नोटीस लागते. मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रतिनिधींना मसुदा आधी दाखवा. संघटनेने तपासलेले नियम कामगार लवकर स्वीकारतो, आणि मसुद्यातल्या चुका सापडतात त्याही बहुधा त्यांनाच.

विक्रेत्याची परीक्षा

विक्रेता दाखवतो ते प्रात्यक्षिक गुळगुळीत असतं, कारण त्यातली माणसं काल्पनिक आणि सामान्य पाळीची असतात. त्याला तुमच्या मस्टरमधली आठ-दहा अवघड प्रकरणं नावं काढून द्या आणि तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. यादीत ही असावीत:

- रात्रपाळीतली एक दिवसाची रजा, तीही साप्ताहिक सुट्टीला जोडून.
- पगारवाढीने २४,८०० वरून २५,३०० वर गेलेली महिला कामगार. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही, त्यापुढे २०० रुपये.
- फेब्रुवारीचा पगार. व्यवसायकर त्या महिन्यात ३०० रुपये, म्हणजे वर्षाचे २,५०० पूर्ण होतात.
- जुलैमध्ये २१,००० ची मर्यादा ओलांडलेला ईएसआय कामगार. त्याची कपात एप्रिल ते सप्टेंबर हा अंशदान कालावधी संपेपर्यंत चालू राहिली पाहिजे.
- मागील महिन्याचा राहिलेला पंच पगार झाल्यावर दुरुस्त झाला, तर फरक पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत येतो का.
- कुऱ्हाडे, गोऱ्हे, ॲड. अशी अक्षरं असलेलं पगारपत्रक मराठीत छापून दाखवणं. अर्धा र अनेक फाँटमध्ये तुटतो. स्क्रीनवर नीट दिसणारं नाव पीडीएफमध्ये मोडकं निघतं.

करारात दोन कलमं हट्टाने घाला. करार संपला की सगळी माहिती, जोडलेल्या कागदांसह, टोकन नंबरप्रमाणे साध्या फाइलमध्ये परत मिळायला हवी. आणि शुल्क महिन्याच्या सक्रिय माणसांवर लागावं, सोडून गेलेल्यांवर नाही. ठेकेदारांचे कामगार मोजायचे की नाही तेही तिथेच लिहा.

मोबाईल, किऑस्क आणि भाषा

अनेक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाईलला बंदी असते. तिथे नुसतं ॲप देणं म्हणजे कामगाराला घरी गेल्यावर रजा टाकायला सांगणं. किऑस्क, म्हणजे सगळ्यांना वापरता येणारा उभा टचस्क्रीन, लागतोच. किती? जेवणाची सुट्टी ३० मिनिटं आणि एका व्यवहाराला दोन मिनिटं धरली तर एका किऑस्कवर एका सुट्टीत १५ जण. २०० च्या पाळीला दोन पुरतात, पगाराच्या दिवशी तीन हवेत. जागा कॅन्टीनच्या बाहेर पडायच्या वाटेवर. गेटवर ठेवू नका, तिथे बस पकडायची घाई असते आणि मागे रांग लागली की माणूस पगाराचा आकडा उघडत नाही. त्याच कारणाने स्क्रीन भिंतीकडे पाठ करून न ठेवता अशी वळवा की मागच्याला दिसणार नाही. बटणं मोठी, तेलकट बोटांनी दाबता येतील अशी. ३० सेकंद हात लागला नाही की आपोआप बाहेर. यूपीएस आणि रोलवाला छोटा प्रिंटर सोबत असू द्या. घरी दाखवायला कागद हवा असलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांची गरज खरी आहे.

पहिल्या स्क्रीनवर चारच गोष्टी: रजा शिल्लक, आजचा पंच, पगारपत्रक, माझे अर्ज. धोरणं, वाढदिवस, साहेबांचा संदेश आत कुठेतरी.

शब्द टाइम ऑफिसच्या खिडकीवर ऐकू येतात तेच वापरा. खिडकीच्या वहीत कामगाराचे शब्द लिहून घेतले ते याचसाठी. "अनुपस्थिती नियमितीकरण विनंती" कोणी दाबणार नाही. "पंच राहिला" सगळे दाबतात. ईएल, सीएल, ओटी, उचल, खाडा, कपात हे तसेच ठेवा. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगार असतील तर हिंदीचा पर्याय पहिल्याच स्क्रीनवर हवा.

एसएमएसचा एक बारीक हिशेब आहे. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि मात्रा-वेलांट्याही मोजल्या जातात. संदेश ७० च्या वर गेला की दोन संदेशांचे पैसे लागतात. "१४ ची रात्रपाळी रजा मंजूर. ईएल शिल्लक ११." एवढं पुरतं. संदेशाचा मजकूर आणि शीर्षक (पाठवणाऱ्याचं नाव) ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डीएलटी या नोंदणी व्यवस्थेत आधी नोंदवावं लागतं. नोंद नसेल तर संदेश अडतो, त्यामुळे हे काम सुरुवातीच्या दिवसाच्या निदान तीन-चार आठवडे आधी संपवा.

मंजुरी

दोनच पायऱ्या ठेवा: सुपरवायझर आणि विभागप्रमुख. ४८ तासांत उत्तर नाही आलं तर अर्ज वर सरकतो. नाकारताना कारण लिहिणं सक्तीचं करा. सुपरवायझरला अर्जासोबत "लाइनवरच्या १४ पैकी ३ त्या दिवशी आधीच रजेवर" एवढं दिसलं की त्याचा निर्णय पटकन आणि न्याय्य होतो.

गणपतीला कोकणातली माणसं, आषाढीला वारकरी घरांतली, छठला बिहारची, एकाच वेळी रजा मागतात. सणाच्या रजेचे अर्ज ४५ दिवस आधी घ्यायला लागा, जागा किती ते जाहीर करा आणि गेल्या वर्षी ज्याला नाही मिळाली त्याला यंदा आधी, हा नियम प्रणालीत लिहा. पहिला येईल त्याला पहिली असं ठेवलं तर रात्रपाळीवाला दरवर्षी मागे पडतो.

सुपरवायझरने लाइनवरच्या सगळ्यांचे पिन स्वतःकडे लिहून ठेवणं, ही सर्रास होणारी चूक आहे. हेतू मदतीचा असतो, पण नोंद खोटी होते. त्याऐवजी "दुसऱ्याच्या वतीने अर्ज" हा अधिकृत पर्याय द्या, त्यावर भरणाऱ्याचं नाव उमटू द्या आणि कामगाराला संदेश जाऊ द्या.

पगारपत्रकावर हिशेब दाखवा

नुसती पीडीएफ चढवली तर खिडकीवरचे प्रश्न कमी होत नाहीत. प्रत्येक कपातीवर बोट ठेवलं की तिचा हिशेब उघडला पाहिजे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० असेल तर "पीएफ: १४,००० चे १२ टक्के = १,६८०". एकूण वेतन १८,५०० असेल तर "ईएसआय: ०.७५ टक्के = १३८.७५, पुढच्या रुपयाला १३९". मागच्या महिन्याशी फरक पडला असेल तर तो वरच लिहा: "या महिन्यात ७४० कमी: १ खाडा". पगारपत्रकाला जन्मतारखेचा पासवर्ड लावू नका. लाइनवर प्रत्येकाची जन्मतारीख चार जणांना माहीत असते.

सुरुवात एका विभागापासून

तिन्ही पाळ्या असलेला ६० ते ८० जणांचा विभाग निवडा, कार्यालयीन विभाग नको. दोन पगार जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवा आणि निव्वळ पगार रुपयाला रुपया जुळवा. जिथे फरक येईल तिथे आधी नियम तपासा, मग माहिती, शेवटी सॉफ्टवेअर. बहुतेक फरक पहिल्या दोनांतच सापडतात. प्रत्येक पाळीत लाइनवरचेच दोन मदतनीस तयार करा आणि त्यांना त्यासाठी कामातून वेळ द्या. कागदी अर्ज एका दिवसात बंद करू नका. दोन महिने कागद घ्या, पण तो किऑस्कवर कामगाराच्या समोर, त्याच्याच हाताने भरून घ्या.

सगळीकडे सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तीच खिडकीची वही पुन्हा चार आठवडे ठेवा. ॲप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा काहीच सांगत नाही. त्या महिन्यात किती वेगवेगळ्या टोकन नंबरांनी शिल्लक पाहिली, शंभर माणसांमागे किती पंच राहिले, ४८ तासांपलीकडे किती अर्ज अडले, हे पाहा. खिडकी पाळीला एक तास उघडी ठेवाच. लिहिता-वाचता न येणारा, वारसाचा प्रश्न असलेला, घरात दुःख घडलेला माणूस स्क्रीनकडे येत नाही आणि त्याने तिकडे यावं अशी अपेक्षाही धरू नये.

नोकरी सोडणाऱ्यासाठी

हा भाग जवळपास प्रत्येक आराखड्यात शेवटी ढकलला जातो, आणि आता तो सगळ्यात तातडीचा आहे. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा, कामगारकपात किंवा बडतर्फीनंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. ना-देयचा (काही बाकी नसल्याचा) कागद स्टोअर, टूलरूम, कॅन्टीन, सोसायटी, सिक्युरिटी असा टेबलावरून टेबलावर फिरत राहिला तर हे अशक्य आहे. राजीनामा प्रणालीत आला की पाचही ठिकाणी एकाच वेळी काम उघडलं पाहिजे, सूचनाकाळात प्रत्येकाने आपली नोंद करायची, आणि शेवटच्या दिवसाच्या तीन दिवस आधी काय बाकी आहे ते कामगाराला आणि पेरोलला दोघांनाही दिसलं पाहिजे. उचलीची बाकी आणि ईएलचे पैसे त्याच स्क्रीनवर.

सोडून गेलेल्याचं खातं शेवटच्या दिवशी बंद केलं जातं, तेही चूक. ज्याला सगळे फॉर्म १६ म्हणतात ते टीडीएसचं प्रमाणपत्र पुढच्या जूनच्या मध्यास निघतं, आणि नव्या नोकरीत किंवा गृहकर्जासाठी जुनी पगारपत्रकं मागितली जातात. शेवटच्या दिवशी त्याचा स्वतःचा मोबाईल आणि ईमेल पुन्हा तपासून घ्या, बाकी सगळे अधिकार काढा आणि पगारपत्रकं, प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला एवढं पाहण्यापुरतं खातं पुढची दोन वर्षं चालू ठेवा.